चांदीची ढाल

माझा भाचा इंग्लंडात असतो, लेस्टरला. (नाव देत नाही, त्याच्या आईला आवडणार नाही.) दोन वर्षांपूर्वी त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं. त्यासाठी रीतसर समारंभ असतो हे मला तेव्हाच कळलं. एक हॉल, समोर राजाचा फोटो, कोट घालून आलेली वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी आपल्याच रंगाची. सगळ्यांनी उभं राहून एकत्र म्हणायचं, की राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि त्यांच्या मागून येणारे यांच्याशी मी खरी निष्ठा राखीन. मग त्यांचं राष्ट्रगीत, मग चहा.

आम्ही हे सगळं लोहाऱ्यात, माझ्या घरी, मोबाईल तांब्याला टेकवून बघत होतो. बहीण डोळे पुसत होती. तिला शपथेचं काही नव्हतं, पोराचा भारताचा पासपोर्ट जमा करावा लागणार याचं दुःख होतं. आणि खुर्चीत अण्णा बसले होते, माझे थोरले चुलते, वय नव्वदीच्या पुढे.

"काय म्हणायलाय ह्यो?" अण्णांनी विचारलं.

"शपथ घेतोय, अण्णा. राजाशी इमान राखीन म्हणून."

"कोणच्या राजाशी?"

"इंग्लंडच्या."

अण्णा काही न बोलता उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. चहा आत तसाच राहिला. संध्याकाळी मात्र बोलले. "आपण एका राजाचा सलाम सोडला तो दुसऱ्याचा धरायला का रं?"

पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा अण्णा पंधरा वर्षांचे होते. रझाकारांच्या दिवसांत घरातली बायका-पोरं सोलापूरकडे काढून दिलेली आणि हे थोरल्यांबरोबर रात्र रात्र रानात. १७ सप्टेंबर १९४८ ही त्यांच्यासाठी पुस्तकातली तारीख नाही. त्यामुळे मी वाद घातला नाही. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण नेमक्या याच विषयावर, म्हणजे परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनी इंग्लंडच्या राजाराणीला वाहिलेल्या निष्ठेवर, मी बरीच वर्षं सवडीने वाचत आलोय. तेव्हा आज अण्णांना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल. पाव्हण्यारावळ्यांनी सांभाळून घ्यावं.

*

आधी आपल्या गावाकडचं सांगतो, कारण निष्ठा नावाच्या मालाचा बाजार आपल्या दारातही भरला होता.

१८५३ साली निजामाकडे इंग्रजांच्या फौजेचे पैसे थकले. त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांनी कारभारासाठी ताब्यात घेतला. नळदुर्गाला मेडोज टेलर हा अधिकारी आला. तोच तो, ठगांवरची कादंबरी लिहिणारा. पुढे १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये रायचूर आणि नळदुर्ग त्याला परत मिळाले, वर पन्नास लाखांचं कर्ज माफ. म्हणजे निष्ठा हैदराबादच्या दरबाराची आणि बक्षिसात गावं आमची. सात वर्षं आम्ही कुणाचे होतो आणि आठव्या वर्षी कुणाचे झालो, हे पाटील-कुळकर्ण्यांना बहुतेक वसुलीच्या कागदावरूनच कळलं असेल. पुढे शेवटच्या निजामाला, ज्याच्या नावाने धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं त्या उस्मान अली खानाला, १९१८ साली 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' असा किताबच मिळाला.

ही झाली सिंहासनावर बसलेल्याची निष्ठा. ती देता येते, तिची किंमत करता येते, बदल्यात मुलूख मागता येतो. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही तो निष्ठा का देतो? हे बघायला नाताळला जावं लागतं.

(नाताळ म्हणजे सण नव्हे, दक्षिण आफ्रिकेतला प्रांत. पण नाव सणावरूनच पडलंय. वास्को द गामा १४९७ च्या ख्रिसमसला त्या किनाऱ्यापाशी होता.)

*

नाताळमध्ये उसाचे मळे होते आणि मजूर नव्हते. नोव्हेंबर १८६० मध्ये मद्रासहून 'ट्रुरो' नावाचं जहाज पहिले गिरमिटिये घेऊन डर्बनला लागलं. म्हणजे नळदुर्ग निजामाला परत मिळालं त्याच वर्षी. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग. १९११ पर्यंत अशी दीड लाखावर माणसं तिकडे गेली. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि बिहार-अवधकडची. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी गेले, सुरत-काठेवाडकडचे, बरेचसे मुसलमान. केपटाऊनला आपल्या कोकणातले मुसलमान गेले, रत्नागिरी-कुलाबा भागातले. ते घरात कोकणी मराठी बोलत. त्यांची गोष्ट पुढे येईल.

मजूर हवे होते, शेजारी नको होते. १८९३ मध्ये नाताळच्या गोऱ्यांना स्वतःचं सरकार मिळालं आणि त्यांनी लागलीच हिंदी लोकांचा मताचा हक्क काढून घ्यायचं विधेयक आणलं. दावा संपवून परत निघालेला एक तरुण बॅरिस्टर त्यामुळे थांबला. ते मोहनदास गांधी. १८९४ मध्ये त्यांनी लंडनच्या वसाहत मंत्र्याकडे अर्ज पाठवला, दहा हजार सह्यांचा. करार संपल्यावर मायदेशी न परतणाऱ्या मजुरावर १८९५ मध्ये तीन पौंडांचा वार्षिक कर बसला. महिना दहा शिलिंग धरले तर तीन पौंड म्हणजे सहा महिन्यांची मजुरी.

आता हे अर्ज करायचे कशाच्या जोरावर? हातात सत्ता नाही, मत जाऊ घातलेलं, गावात आपली माणसं मूठभर. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्याकडे एकच कागद होता. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा. कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं तेव्हा व्हिक्टोरियाच्या नावाने वाचला गेलेला. इतर प्रजेविषयी आमची जी कर्तव्यं तीच हिंदुस्थानातल्या प्रजेविषयी, आणि नोकरीत वंश किंवा धर्म आडवा येणार नाही, असा त्याचा आशय. शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचं तर तो जाहीरनामा म्हणजे या लोकांचा सातबारा. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, पण उताऱ्यावर नाव आपलं.

आणि सातबारा दाखवायचा तर ज्या सरकारचा शिक्का त्यावर आहे ते सरकार आपण मानतो, हे आधी म्हणावं लागतं. गोऱ्या नाताळवाल्याला ते सांगत होते की तू जिची प्रजा तिचीच मीही. राजनिष्ठेचं प्रत्येक मानपत्र हे असं अर्धं नमस्कार आणि अर्धं तक्रार असायचं. नमस्कार ठळक अक्षरात, तक्रार बारीक.

यात एक गंमत आहे. कायद्याच्या काटेकोर भाषेत संस्थानातली माणसं ब्रिटिश प्रजा नव्हतीच, ती 'संरक्षित' होती. म्हणजे लोहाऱ्याचा माणूस डर्बनला गेला असता तर त्याची खरी निष्ठा निजामाला. पोरबंदरला जन्मलेले खुद्द गांधीही संस्थानातलेच. पण ते हक्काने स्वतःला ब्रिटिश प्रजाजन म्हणवत राहिले. उतारा थोडा दुसऱ्याच्या नावावरचा होता म्हणायचं!

*

१८९६ मध्ये गांधी काही महिन्यांसाठी देशात आले. नाताळची हकीकत सांगत हिंडले. मुंबईत फिरोजशहा मेहतांना भेटले, पुण्यात टिळक, गोखले आणि भांडारकरांना. आत्मकथेत ते लिहितात की फिरोजशहा हिमालयासारखे वाटले, टिळक सागरासारखे आणि गोखले गंगेसारखे. याच मुक्कामात राजकोटला त्यांनी घरातल्या मुलांना इंग्लंडचं राष्ट्रगीत शिकवलं. राणीच्या राज्याला साठ वर्षं होणार होती, त्याची तयारी चालू होती.

त्याच वर्षी मुंबईत दामोदर चापेकरांनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. पुतळा संगमरवरी, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी शहराला दिलेला. म्हणजे एका मराठी माणसाने उभा केला आणि दुसऱ्याने काळा केला.

आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

इथून पुढच्या सहा-सात महिन्यांत पुण्याची आणि डर्बनची गोष्ट कशी शेजारी-शेजारी चालते ते बघा. गांधींना घेऊन 'कुरलँड' आणि तिच्या जोडीची 'नादेरी' अशी दोन जहाजं १८ डिसेंबर १८९६ ला डर्बनच्या बंदराबाहेर पोचली. उतरू दिलं नाही. कारण मुंबईत प्लेग. क्वारंटीन पाच दिवसांचं होतं ते वाढत वाढत तेवीस दिवसांवर गेलं. खरं कारण उघड होतं. किनाऱ्यावर गोऱ्यांच्या सभा चालू होत्या, ही माणसं परत पाठवा म्हणून. १३ जानेवारी १८९७ ला गांधी उतरले आणि जमावाने त्यांना भररस्त्यात मारलं. पोलीस सुपरिटेंडेंटची बायको, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून मध्ये उभी राहिली म्हणून वाचले. लंडनहून तार आली की मारणाऱ्यांवर खटले भरा. गांधींनी नकार दिला.

तोच प्लेग पुण्यात पोचला. फेब्रुवारीत रँड आला. मग गोरे सोजीर घरात शिरणं, सामान रस्त्यावर फेकणं, देवघरापर्यंत जाणं, बायकांची तपासणी. हे मी सांगायला नको, आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

२२ जून १८९७. राणीचा हीरक महोत्सव. पुण्याला गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये (आता तिथे विद्यापीठ आहे) मेजवानी, आतषबाजी, टेकड्यांवर जाळ. रात्री बग्ग्या परत निघाल्या तेव्हा चापेकरांनी रँड आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

त्याच महोत्सवासाठी नाताळच्या हिंदी लोकांनी राणीला मानपत्र पाठवलं. चांदीच्या ढालीवर कोरून. खाली एकवीस सह्या, त्यात गांधींची. आम्ही आपले प्रजाजन आहोत याचा आम्हाला अभिमान वाटतो, असा त्याचा सूर. महोत्सवाच्या निमित्ताने डर्बनच्या हिंदी लोकांनी त्याच नावाचं एक वाचनालयही उघडलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, लाज वाटली. वीस-बावीस वर्षांचा होतो. चापेकरांच्या बाजूला ही ढाल ठेवून पाहिली आणि म्हटलं, हे काय? सहा महिन्यांपूर्वी बंदरावर मार खाल्ला आणि आता चांदीची ढाल?

मग कधीतरी तारखा नीट लावल्या. १८९७ च्या त्याच वर्षात नाताळच्या विधिमंडळाने कायदे केले. वसाहतीत शिरायचं तर युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे. व्यापाराचा परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवणार, आणि त्यावर कोर्टात जाता येणार नाही. प्लेगच्या नावाखाली क्वारंटीनचा कायदा वेगळाच. कुठेही 'हिंदी माणूस' हा शब्द नाही. लंडनला चालेल अशा भाषेत केलेलं काम. या कायद्यांना राणीची मंजुरी लागणार होती. ढाल त्याच राणीकडे गेली.

चापेकर मायदेशी होते. घर जळत असलं तरी घर त्यांचं होतं. डर्बनच्या दुकानदाराला पायाखालची जमीनही आपली म्हणायची सोय नव्हती, 'चालता हो' म्हटलं की जहाज. तो राणीच्या पुतळ्याला डांबर फासू शकत नव्हता, कारण त्या पुतळ्याच्या सावलीतच तो उभा होता. मी एकाला मोठं आणि दुसऱ्याला लहान म्हणत नाही. दामोदर चापेकर एप्रिल १८९८ मध्ये फासावर गेले, पुढे त्यांचे भाऊही. त्या तराजूत दुसरं काही घालता येत नाही. एवढंच म्हणतो, की ढालीला ढालच का म्हणतात हे मला उशिरा कळलं.

*

पण ढालीची किंमत पडतेच. ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झालं. गांधींचं मन बोअरांकडे ओढत होतं, ते त्यांनी लपवलेलं नाही. पण हिशोब असा की प्रजाजन म्हणून हक्क मागतो तर प्रजाजन म्हणून कामही केलं पाहिजे. अकराशे माणसांचं शुश्रूषा पथक उभं राहिलं, त्यात आठशेच्या आसपास गिरमिटिये. कोलेन्सो, स्पिऑन कॉप. जखमी सोजिरांना डोल्यांतून मैल मैल वाहून न्यायचं. लॉर्ड रॉबर्ट्सचा एकुलता एक मुलगा कोलेन्सोला पडला, त्यालाही याच माणसांनी वाहिलं. लेडीस्मिथच्या वेढ्यात परभूसिंग नावाचा एक गिरमिटिया झाडावर बसून राही आणि बोअरांच्या तोफेचा जाळ दिसला की घंटा वाजवी, म्हणजे गोळा पोचेपर्यंत खालच्यांना लपायला वेळ मिळे. व्हाइसरॉयच्या बायकोने त्याला काश्मिरी झगा पाठवला.

पथकाच्या सदतीस म्होरक्यांना पदकं मिळाली. डोल्या वाहणाऱ्या शेकडो गिरमिटियांच्या पाठीवर तीन पौंडांचा कर होता तसाच राहिला. हे मला त्या वेळच्या सगळ्या गौरवलेखांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

जानेवारी १९०१ मध्ये राणी गेली. डर्बनच्या हिंदी लोकांनी मिरवणुकीने जाऊन तिथल्या राणीच्या पुतळ्याला पुष्पचक्र वाहिलं. मुंबईच्या पुतळ्याला डांबर लागून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती.

आता न आवडणारी गोष्ट. ती गाळली तर हे लिहिण्यात अर्थ नाही. त्या काळच्या हिंदी लोकांच्या अर्जांत एक ओळ पुनःपुन्हा येते, की आम्हाला इथल्या काळ्या आफ्रिकन लोकांच्या रांगेत बसवू नका, आम्ही वेगळे. राजनिष्ठेचा कागद दाखवताना खालच्या पायरीवर कुणीतरी असावं लागतं, आणि ते यांनी शोधलं होतं. ज्यांची जमीन होती तेच. १९०६ मध्ये नाताळच्या झुलूंनी डोईपट्टीविरुद्ध बंड केलं तेव्हा गांधी पुन्हा सरकारच्या मदतीला वीस-पंचवीस जणांचं पथक घेऊन गेले. साम्राज्य जगाच्या भल्यासाठी आहे असं तेव्हा आपल्याला वाटत होतं, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. तिथे गेल्यावर दिसलं ते वेगळंच. लढाई कसली, माणसांची शिकार. फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या जखमा धुवायला गोरे तयार नव्हते, ते काम या पथकाच्या वाट्याला आलं. निदान तेवढं बरं झालं.

*

ढाल फुटली ती त्याच वर्षी. ट्रान्सवाल बोअरांकडे होतं तेव्हा इंग्रज मंत्री म्हणत की तिथे हिंदी प्रजेचा छळ होतो, आणि ही युद्धाच्या कारणांपैकी एक तक्रार होती. युद्ध जिंकून ट्रान्सवाल इंग्रजांचं झालं. मग बोअरांचेच कायदे जास्त कडकपणे चालू झाले. ऑगस्ट १९०६ मध्ये नवा वटहुकूम निघाला. आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने दहा बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यायचा, पोलिसाने मागितला की दाखवायचा. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सुमारे तीन हजार माणसं जमली. (नाटकगृहाचं नाव बघा, एम्पायर!) तिथे हाजी हबीब यांनी प्रथम म्हटलं की हा ठराव खुदाला साक्षी ठेवून करू. शपथच. या वेळी मात्र राजाची नाही.

तरीही शेवटचा अर्ज राजाकडेच गेला. गांधी आणि हाजी वजीर अली लंडनला गेले, वसाहत मंत्री लॉर्ड एल्गिनला भेटले. परतताना मदिरा बेटावर तार मिळाली, की राजाची मंजुरी मिळणार नाही. बोटीवर आनंदीआनंद. कागद चालला! पण १ जानेवारी १९०७ ला ट्रान्सवालला स्वतःचं सरकार मिळालं, मार्चमध्ये त्यांनी तोच कायदा नव्या नावाने पास केला, आणि या वेळी सातव्या एडवर्डची मंजुरी विनातक्रार आली. एक हात वर केलेला, दुसरा पाठीमागून पुढे केलेला.

दहा वर्षांपूर्वी त्याच्या आईला चांदीची ढाल पाठवली होती.

त्यानंतर तुरुंग सुरू झाले. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांवर दाखले रॉकेल ओतून जाळले गेले. कागदावर विश्वास ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने कागद जाळले, हे दृश्य मला नेहमी त्या पुण्याच्या टेकड्यांवरच्या जाळाशेजारी दिसतं.

१९१२ मध्ये गोखले तिकडे गेले त्याची हकीकत कोकणी मुसलमानांसाठी राखून ठेवली होती. गोखल्यांची सगळी भाषणं इंग्रजीत चालली होती. जोहान्सबर्गला काही कोकणी मुसलमान आणि थोडे मराठी हिंदू होते. त्यांना गोखल्यांचं मराठी ऐकायचं होतं. गांधींनी आग्रह धरला, मराठीतच बोला, मी भाषांतर करतो. गोखले हसले. तुमचं हिंदुस्थानी किती आहे ते पाहिलंय, आता मराठीचंही भाषांतर करणार का, असं काहीसं म्हणाले. पण बोलले. आणि मग झांजिबारपर्यंत त्या लोकांपुढे मराठीतच बोलत राहिले, गांधी आपल्या मोडक्यातोडक्या आधारावर भाषांतर करत राहिले. कोतळूकचा माणूस आफ्रिकेत कोकणातल्या माणसांशी मराठी बोलतोय. त्या सभेत राजनिष्ठेचा शब्द आला असेल-नसेल, पण ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल त्याची कल्पना लेस्टरच्या भाच्याला येईल. त्याला तिथे कुणी 'काय चाललंय' म्हटलं तरी दिवस चांगला जातो म्हणतो.

तीन पौंडांचा कर गेला १९१४ मध्ये, १९१३ च्या मोठ्या संपानंतर. संपात उतरले ते कोळशाच्या खाणींतले आणि उसाच्या मळ्यांतले गिरमिटिये. त्यांनी चांदीच्या कुठल्याच ढालीवर सही केलेली नव्हती.

*

हे सगळं मी अण्णांना तुकड्या-तुकड्याने सांगितलं. ते ऐकतात मन लावून, डोळे मिटून, आणि मध्येच नेमकं विचारतात.

"मग ती बिल्लं? इंग्रजानं दिलेली?"

"परत केली, अण्णा. १ ऑगस्ट १९२० ला. कैसर-ए-हिंद, बोअर युद्धाचं आणि झुलू बंडाचं, तिन्ही. व्हाइसरॉयला पत्र लिहून."

"एक ऑगस्ट? टिळक गेले ती तारीख का?"

तीच. त्याच दिवशी मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. आणि अण्णांना मी हेही सांगितलं की १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनीसुद्धा युद्धात सरकारला साथ द्यावी असं जाहीर पत्रक काढलं होतं. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसाने. अण्णा त्यावर बराच वेळ गप्प होते. "त्यांचं काहीतरी असंल त्यात," एवढंच म्हणाले.

पुढच्याच वर्षी, १९२१ साली, आपल्या तालुक्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. असहकाराचं वारं निजामाच्या मुलखात शिरलं ते असं. त्या शाळेत नंतर स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले, आणि अण्णा पंधराव्या वर्षी रानात का झोपत होते त्याचा एक धागा तिथपर्यंत जातो. हे अण्णांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच मला सांगितलं.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला तेव्हा अण्णांनी स्वतः मोबाईल मागून घेतला. शपथेनंतर पहिल्यांदाच. जेवणखाण, थंडी, पोरीची शाळा सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "शपथ घेतली तर मताचा हक तरी दिला का रं तुला?"

"तो आधीपासूनच होता आजोबा," भाचा म्हणाला. "भारताचा पासपोर्ट असतानाच. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या माणसाला देतात. जुनं काहीतरी आहे म्हणे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाले, "जुनंच हाय ते. तुझा मामा सांगंल. आन् मत टाकत जा, बुडवू नको."